जेम्स वेल्सचे पेशवे-नाना चित्र : एक आकलन

अठराव्या शतकातील व्यक्तिचित्रण म्हटले की हॉलंड आठवते. ॲमस्टरडॅमच्या कॉर्नेलिस ट्रोस्टने १७२९ मध्ये तेथील अनाथालयाच्या विश्वस्तांचे समूहचित्र रंगविले. असे प्रतिष्ठित नागरिक स्वतः चित्रकाराला काम देत आणि आपली प्रतिमा आपल्या मनाप्रमाणे उभी करून घेत. पुण्यातील उदाहरण या दृष्टीने निराळे ठरते.

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७-१७९५) १७९१ मध्ये मुंबईस आला. पेशवे दरबारात त्याचा प्रवेश झाला तो इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटमुळे. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे सेवकांसह त्याने काढलेले तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. चित्र १७९२ चे. पेशवे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांच्या अंगावर दागिने आहेत, नानांचा पोशाख साधा. तरीही पाहणाऱ्याची नजर नानांच्या सडपातळ, सावध चेहऱ्याकडेच वळते. गादी कोणाची आणि कारभार कोणाचा, हे वेल्सने एका शब्दाविना सांगितले आहे. हे त्याचे खरे यश. मागील सेवकांना मात्र नावे नाहीत.

याच कारभाराच्या काळात, १७७९ च्या तहाला अनुसरून १७८३ मध्ये नगर हवेली परगणा पोर्तुगीजांकडे गेला. मसाट परिसरातील अध्यापकाला हे चित्र म्हणूनच दूरचे वाटू नये.

तथापि आपल्याकडे असे चित्र छायाचित्राप्रमाणे, निव्वळ पुरावा म्हणून वर्गात दाखविले जाते. हे योग्य नव्हे. येथे पुढाकार मॅलेटचा होता. चित्रण हा त्याच्या राजनीतीचाच एक भाग होता. ट्रोस्टच्या विश्वस्तांना जो अधिकार होता तो पेशव्यांना या चित्रावर कितपत होता, हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवलाच पाहिजे.

दुसरी बाब गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराची. मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी त्याने काम केले, वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियल यांनी वेरूळचा चित्रसंच १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला, पण गंगारामचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. त्याची अनेक रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून मरण पावले. त्यानंतर महिनाभरातच वेल्सही वारला.