‘नाही’ कुठे गेलं? पडद्यावर न मावणाऱ्या मराठीविषयी

सुरुवातीला एक वाक्य घेऊ. ‘रक्कम खात्यात जमा झाली नाही.’ साधं, शुद्ध मराठी वाक्य आहे. आता ते मोबाइलच्या सूचनेत एका ओळीत बसवा. ओळ संपते, सॉफ्टवेअर उरलेला मजकूर कापतं आणि तीन टिंबं ठेवतं. पडद्यावर दिसतं : ‘रक्कम खात्यात जमा झाली…’

वाचणारा निर्धास्त होतो आणि फोन खिशात टाकतो. त्याला जे सांगायचं होतं, नेमकं त्याच्या उलट सांगून झालेलं असतं.

सॉफ्टवेअरचं मराठीकरण करताना ‘न मावणारा मजकूर’ शोधणं हे कामाचं एक अंग आहे. आमच्यासारखी मंडळी, म्हणजे भाषांतर करणारे आणि तपासणारे, ते करतात. बहुतेक ठिकाणी त्याच्याकडे रंगसफेदीसारखं पाहिलं जातं : बटणाबाहेर अक्षरं आली, दिसायला वाईट दिसतं, नीट करा. आमचा आक्षेप इथेच आहे. वाईट दिसणं हा या दोषाचा सगळ्यात किरकोळ भाग आहे.

वाक्याच्या शेवटी कात्री लावण्याची रीत ज्या भाषांवर बेतली गेली, त्यांत नकार लवकर येतो. ‘नॉट पेड’, ‘डू नॉट शेअर’. शेपूट कापलं तरी ‘नॉट’ शाबूत राहतो. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. ‘हा ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य कापलं की ‘हा ओटीपी कोणालाही सांगू…’ उरतं. वाक्यातला सगळा जीव शेवटच्या दोन अक्षरांत होता, आणि कात्री तिथेच चालली.

आता कोणी म्हणेल, कंपन्या भारतीय भाषांत तपासतात की. तपासतात, पण अनेकदा हिंदीत. हिंदी नीट दिसली की शेरा पडतो : देवनागरी चालते, मराठीही चालेल. पण हिंदी वाक्य बघा : ‘राशि खाते में जमा नहीं हुई’. तिथे ‘नहीं’ क्रियापदाच्या आधी येतं. त्याच जागी कापलं तर ‘राशि खाते में जमा नहीं…’ उरतं, आणि अर्थ वाचतो. लिपी एकच, पण वाक्याची घडण वेगळी. म्हणून हिंदीत पास झालेला पडदा मराठीत खोटं बोलू शकतो. गुजरातीतलं ‘नथी’ही शेवटीच येतं, म्हणजे हा त्रास एकट्या मराठीचा नाही.

यावर तांत्रिक उत्तर आहे असं वाटेल. अँड्रॉइडमध्ये मजकूर शेवटी, मध्ये किंवा सुरुवातीला कापायची सोय आहे. मग सुरुवातीला कापा! पण मग ‘…जमा झाली नाही’ उरतं. काय जमा झालं नाही? पगार, हप्ता, की गॅसचं अनुदान? खरं उत्तर भाषेत आहे, आणि ते आपण रोज बोलतो. कोणी विचारलं तर आपण ‘पैसे नाही आले’ असं म्हणतो. ‘मी नाही जाणार’ हे तर लहान मूलही म्हणतं. बोलताना मराठी माणूस जोर द्यायला नकार पुढे ओढतो. भाषांतराच्या मेजावर बसला की मात्र तोच माणूस ‘आलेले नाहीत’ लिहितो. शिवाय नकार पोटात घेऊन येणारे शब्द आपल्याकडे ढिगाने आहेत : नामंजूर, अपूर्ण, गैरहजर, बिनपगारी. आणि ‘नको’! ‘कॅन्सल’च्या बटणावर आपण ‘रद्द करा’ लिहितो. ‘हे छायाचित्र पाठवायचं?’ या प्रश्नाखाली ‘पाठवा’ आणि ‘नको’ अशी दोन बटणं असती तर कुणाचं काय अडलं असतं? इतका नेमका आणि आखूड शब्द क्वचितच मिळतो.

मराठी लांबलचक आहे ही तक्रार आम्ही फार वेळा ऐकलीय. आयबीएमचा एक जुना ठोकताळा आहे, युरोपीय भाषांसाठी केलेला. इंग्रजी मजकूर दहा अक्षरांपर्यंतचा असेल तर भाषांतराला दुप्पट ते तिप्पट जागा धरा, आणि सत्तर अक्षरांच्या पुढे गेला तर साधारण तीस टक्के जास्त धरा. म्हणजे सगळ्यात जास्त फुगतात ते छोटे शब्द, बटणांवरचे. मराठीत मात्र आडव्या रुंदीचा प्रश्न बऱ्याचदा आपणच ओढवून घेतो. ‘नेक्स्ट’ला ‘पुढे’, ‘बॅक’ला ‘मागे’, ‘सेव्ह’ला ‘ठेवा’. ‘कंटिन्यू’साठी तर बसमधल्या कंडक्टरने केव्हाच शब्द देऊन ठेवलाय : ‘पुढे चला’. फुगतं काय, तर ‘अधिप्रमाणन’. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झालं, त्याच्या कोशांनी सरकारी कारभार मराठीत आणायला फार मोठी मदत केली. ते काम हसण्यावारी नेणाऱ्यांतले आम्ही नाही. पण ते शब्द फुलस्केप कागदासाठी घडवलेले होते. कागदाला चौकट नव्हती. अंगठ्याएवढ्या बटणावर ‘अधिप्रमाणन’ बसवायला गेलो, आणि बसलं नाही म्हणून शेवटी ‘ऑथेंटिकेट’ देवनागरीत लिहिलं, तर पराभव मराठीचा म्हणायचा की निवडीचा? ‘ओळख पटवा’ समोरच होतं.

रुंदी सोडा. मराठीचा खरा घात उंचीत होतो, आणि त्यासाठी नवी मुंबईत राहणाऱ्यांना कोशाची गरज नाही. तुर्भे स्टेशन घ्या. ‘तु’चा उकार खाली लोंबतो. ‘र्भे’वर रफार आणि मात्रा अशी दोन मजली इमारत. एकाच छोट्या शब्दात तळघरही आहे आणि गच्चीही. ज्या डब्याची उंची इंग्रजी अक्षरं मोजून ठरवली आहे, त्यात हा शब्द टाका. वरून-खालून कापला तर उरतं ‘तभ’. शेजारचं कोपरखैरणे दिसायला लांब, पण त्याला तळघर नाही. ते सहसा तग धरतं. आम्ही मजकूर तपासतो तेव्हा पहिला शब्द तुर्भे टाकतो. सोलापूरकडचे मित्र असतील तर ‘कुर्डुवाडी’ घ्या, तेही तितकंच चोख काम करतं.

गंमत म्हणून सांगत नाही. ‘अर्ज मंजूर’ याची वरची कड कापली तर रफार जातो, अनुस्वार जातो आणि ‘अज मजूर’ उरतं. ‘गुण’ खालून कापले की ‘गण’. ‘खर्च’चा ‘खच’ होतो. यात तीन टिंबंही नसतात, म्हणजे काही कापलं गेलंय हेच कळत नाही. अँड्रॉइडच्या ९व्या आवृत्तीत पर्यायी फाँटची उंची धरून ओळी मोकळ्या करण्याची सोय आली, पण रचनाकाराने डब्याची उंचीच ठोकून ठेवली असेल तर ती सोय काय करणार?

हे आधी शोधण्याची एक चांगली युक्ती जगभर वापरतात : खोटी भाषा. खरं भाषांतर यायच्या आधीच इंग्रजी मजकुराची अक्षरं टोप्या-शेंड्या लावून बदलायची, मजकूर लांबवायचा, दोन्ही बाजूंना कंस घालायचे. शेवटचा कंस दिसला नाही की समजायचं, इथे मजकूर मावणार नाही. विंडोज व्हिस्टाच्या काळापासून मायक्रोसॉफ्टकडे अशी खोटी भाषा आहे. अँड्रॉइडमध्ये दोन आहेत : एक फुगवलेल्या इंग्रजीची, दुसरी अरबीसारखी उजवीकडून डावीकडे जाणारी. युक्ती स्वस्त आणि हुशार आहे. पण ती रुंदी तपासते आणि दिशा तपासते. डोक्यावरच्या टोप्यांमुळे थोडीफार उंचीही. जोडाक्षर, उकाराचं तळघर आणि शेवटी येणारा नकार यांतलं काहीच तिच्या नजरेस पडत नाही. मराठीसाठी वेगळी खोटी भाषा करायला हवी, आणि ती आपल्याशिवाय कोण करणार? सी-डॅक मुंबई, म्हणजे पूर्वीची एनसीएसटी, हिचं एक केंद्र इथेच खारघर स्टेशनजवळ आहे. लिनक्सवर भारतीय लिप्या दिसाव्यात म्हणून या संस्थेने इंडिक्स नावाचा प्रकल्प केला होता. अक्षर दिसण्याची ती लढाई बरीचशी जिंकलेली आहे. आता अक्षर पूर्ण दिसण्याची आहे.

मोजणीबद्दल थोडक्यात. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, युनिकोड त्यात दहा मोजतं. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावतात, देवनागरीचं एक अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. त्यापुढे गेलं की एका संदेशाचे दोन होतात, आणि पाठवणाऱ्याचा खर्च वाढतो. मग मराठी नकोच, असा निष्कर्ष काढणारे असतात. ‘आपल्या वीजदेयकाची रक्कम अद्याप जमा झालेली नाही.’ हे यंत्राच्या हिशेबाने ४७. ‘बिलाची रक्कम अजून आलेली नाही.’ २९. ‘बिल भरलेले नाही’ १५. आणि ‘बिल थकले’? ८. नकारही गेला, कापायला शेपूटही उरलं नाही. महाराष्ट्रात असं एकही घर नसेल जिथे ‘थकले’ कळत नाही.

जागा कमी म्हणून मजकूर आखूड करणं आपल्याला नवं नाही. पत्राच्या माथ्यावर ‘सा. न. वि. वि.’ लिहिणारी आपली आजोबामंडळी, पत्त्यातलं ‘मु. पो. ता. जि.’, वर्तमानपत्राच्या मथळ्यातलं ‘नमुंमपा’. हे सगळे संक्षेप मराठीने स्वतः केले, वाचणाऱ्याला ठाऊक असलेल्या शब्दांतून केले. यंत्राने कुठेतरी कापलेलं आणि माणसाने विचारपूर्वक आखूड केलेलं, यात फरक आहे. उलट बाजूही आहे. छापखान्याच्या खिळ्यांच्या सोयीसाठी लिपीच बदलण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले. सावरकरांनी पुरस्कारलेली अ-ची बाराखडी अनेकांना आठवत असेल. ती ‘अि’, ‘अी’ काही काळ छापली गेली, टिकली नाही. यंत्रासाठी लिपीने अंग चोरायचं की लिपीसाठी यंत्राने जागा करायची, हा वाद जुनाच आहे. आमचं मत दुसऱ्या बाजूला आहे हे एव्हाना कळलं असेल.

आणि हे नुकसान होतं कुणाचं? ज्याला इंग्रजी येतं तो भाषा बदलून खात्री करून घेतो. बेलापूरच्या कचेरीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी फोन मराठीत ठेवलाय, कारण त्यांना दुसरी भाषा वाचता येत नाही. अर्धवट वाक्यावर विसंबून राहण्याशिवाय त्यांच्यापुढे मार्ग नाही. दोष मात्र शोधतात ते पहिल्या गटातले लोक, आणि तेही इंग्रजी पडद्याशी ताडून.

म्हणून आम्ही तपासणीत एक पायरी घातली आहे, तिला ना खर्च आहे ना सॉफ्टवेअर लागतं. भाषांतराची यादी घ्यायची आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा तिसरा भाग हाताने झाकायचा. उरलेलं मोठ्याने वाचायचं, शक्यतो ज्याने ते भाषांतर केलेलं नाही त्याने. अर्थ अपुरा राहिला तर चालेल. अर्थ उलटा झाला तर ते वाक्य परत पाठवायचं, मग ते आजच्या पडद्यावर छान मावत असलं तरी. उद्या कोणीतरी अक्षरांचा आकार मोठा करणार असतो. चष्मा घरी विसरलेले आजोबा तर नक्कीच.