कोणत्या रिळात?

हेग्गोडू हे कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातलं, सुपारीच्या बागांमधलं एक खेडं. तिथली शेतकरी माणसं कॅमेऱ्यासमोर ‘बायसिकल थीव्ह्ज’, ‘राशोमोन’ आणि ‘पथेर पांचाली’ यांच्याविषयी बोलतात, आणि गावात मागे झालेल्या एखाद्या लग्नाविषयी बोलावं तितक्या सहज बोलतात. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) या माहितीपटातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. चित्रपटात नसीरुद्दीन शाह आहेत, गुलजार आहेत, जया बच्चन आहेत, पोलंडचे दिग्दर्शक झानुस्सी आहेत. पण माहितीपटाच्या नायकाचं काम खरोखर काय होतं, ते या सुपारीवाल्यांच्या बोलण्यातून कळतं. इटलीतली ती सायकल त्यांच्या गावापर्यंत आली ती पुण्याहून निघालेल्या पत्र्याच्या डब्यांतून, आणि ते डबे पाठवण्यामागे होते परमेश कृष्णन नायर.

नायर (१९३३–२०१६) मूळचे तिरुवनंतपुरमचे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते १९६१ साली संशोधन सहायक म्हणून आले. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि तिथून १९९१ मध्ये संचालकपदावरून निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे १२,००० चित्रपट जमवले. त्यातले ८,००० भारतीय. संग्रहालय म्हटलं की जपणूक डोळ्यांसमोर येते. पण या संस्थेला एक उसनवारीची बाजूही होती. फिल्म सोसायट्यांना प्रिंट लावून देणं, त्या परत घेणं, फाटलेली पट्टी सांधणं, पुढच्याला देणं. ग्रंथपालाचंच काम, फक्त पुस्तकाऐवजी डबे आणि वाचकाऐवजी अंधारात बसलेली शंभर माणसं. हेग्गोडूत के. व्ही. सुब्बण्णांची ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था होती, म्हणून तिथे हे डबे उघडायला हात होते. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नायरांना तसा मोठा मान फारसा लाभला नाही, पण त्याचं सुतक हा चित्रपट पाळत नाही, हे बरं.

संग्राहकाने निवड करू नये, हे नायरांचं ठाम मत. चांगला-वाईट असा भेद न करता जे चित्रित झालं ते सगळं ठेवायचं. आज टाकाऊ वाटतं ते उद्या कुणाला तरी हवं असेल. हे मत कशातून आलं ते चित्रपट दाखवतो. भारतात बनलेल्या सुमारे १,७०० मूकपटांपैकी नायरांच्या हाती नऊच लागले. बोलपटांची सुरुवातही तशीच निसटली. ‘आलम आरा’ (१९३१) शोधत ते त्याचे दिग्दर्शक अर्देशीर इराणींकडे गेले, तेव्हा वृद्ध इराणी म्हणाले, रिळं असतील इथेच कुठेतरी. मग मुलाने नायरांना बाजूला घेऊन सांगितलं, की त्यातली चांदी काढून ती कधीच विकली. फिल्मवरच्या लेपात चांदी असते आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्याही होतात. हा व्यवहार तेव्हा कुणालाच गैर वाटत नव्हता. नाशिकला फाळक्यांच्या घरी मात्र नशिबाने साथ दिली. तिथून ‘कालियामर्दन’ची (१९१९) रिळं मिळाली आणि फाळक्यांच्या टिपणांच्या आधारे नायरांनी तो चित्रपट जुळवला. ‘सगळं ठेवा’ हे सूत्र एकदा या दोन घरांतून फिरून आलं, की ते सरकारी धोरणासारखं रुक्ष उरत नाही.

पण ठेवणाऱ्याने निवडायचं नाही, तर मागणाऱ्याला काय द्यायचं ते कोण ठरवणार? चित्रपट हा प्रश्न थेट विचारत नाही. त्याचं उत्तर तो नायरांच्या वह्यांमधून देतो. ते अंधारात बसून, टॉर्चच्या उजेडात, प्रत्येक चित्रपटाच्या नोंदी करत: कोणत्या रिळात काय घडतं, कोणता प्रसंग कुठे येतो. त्या वह्यांत परीक्षण नाही, तारे नाहीत, ‘जरूर पाहा’ नाही. आणि तरी एकामागून एक माजी विद्यार्थी हेच सांगतात, की एखाद्या दृश्याचा नुसता उल्लेख केला की नायर रिळाचा क्रमांक सांगत. शिफारस करण्याची ही रीत मला विलक्षण वाटते. बहुतेक जण चित्रपट सुचवताना आपली आवड सुचवतात. पडद्यावर ‘तुम्ही ते पाहिलंत, म्हणून हे पाहा’ म्हणणारं यंत्र तर आपल्याच आवडीची पुन्हा विक्री करतं. नायर जागा सुचवत. हे पाहा, पाचव्या रिळात. पाहणाऱ्याला तिथे काय सापडेल, ते त्याचं त्याने ठरवायचं.

या माणसाला मागणाऱ्याची पारख किती होती, हे जॉन अब्राहमच्या किश्शातून कळतं. (हिंदीतला नट नव्हे; मल्याळम दिग्दर्शक, ऋत्विक घटकांचा विद्यार्थी.) जॉनला एका रात्री भलत्याच वेळी पासोलिनीचा ‘गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू’ पाहायची हुक्की आली आणि त्याने नायरांना उठवलं. नायर उठले, त्यांनी चित्रपट लावून दिला. हा किस्सा ते गंमत म्हणून सांगतात, पण मला त्यात एका कर्मचाऱ्याचा फार मोठा निर्णय दिसतो. वेळेबाहेर, नियमाबाहेर, एकट्या माणसासाठी. पुढे याच जॉनने ‘ओडेसा’ नावाची चळवळ उभारली, केरळात गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्या पैशांतून ‘अम्मा अरियान’ (१९८६) काढला. त्या एका रात्रीमुळेच हे घडलं, असं मी म्हणणार नाही. पण ज्याला कधी कुणी अवेळी दार उघडलं आहे, त्याला दुसऱ्यांच्या दारात चित्रपट घेऊन जावंसं वाटलं, यात नवल नाही.

पुन्हा हेग्गोडूकडे यायला हवं, कारण तिथे पाठवलेला चित्रपट नीट पाहिला तर पाठवणाऱ्याचं डोकं दिसतं. ‘बायसिकल थीव्ह्ज’ची (१९४८) कथा सांगायला दोन ओळी पुरतात. कामासाठी सायकल लागते, ती चोरीला जाते, बाप आणि मुलगा रोमभर ती शोधतात. पण दिग्दर्शक डी सिका सुरुवातीलाच एक दृश्य देतो. गहाण पडलेली सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण ठेवते. दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन फडताळावर चढू लागतो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर वर वर जातो. छतापर्यंत गाठोडीच गाठोडी, म्हणजे कुणाकुणाच्या घरातल्या चादरी. एकही संवाद न बोलता एका कुटुंबाची गोष्ट सबंध शहराची होऊन जाते. इथे कन्नड आणि इटालियन यांच्यातलं अंतर आड येत नाही. गहाण टाकणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला उपशीर्षकांवाचून कळतं. ज्यांना ‘जागतिक अभिजात’ हे शब्द धाक घालतात, त्यांच्यासाठी याहून योग्य निवड मला सुचत नाही. आणि ‘सेल्युलॉइड मॅन’मध्ये नायर छतापर्यंत रचलेल्या डब्यांमधून चालतात, तेव्हा मला ते गाठोड्यांचं फडताळच आठवतं. दिग्दर्शकाने हे जाणून केलं असेल-नसेल. दोन्हीकडे माणसांनी ठेवायला दिलेल्या वस्तू आहेत आणि त्या सोडवायला कुणीतरी यावं लागतं.

माहितीपटात उणिवा आहेत. तो सुमारे अडीच तासांचा आहे आणि त्यातला बराच वेळ मान्यवरांच्या आठवणींत जातो. तिसऱ्या-चौथ्या मुलाखतीनंतर कौतुकाची भाषा तीच ती होते. छायाचित्रणाला अकराजण आणि तेही डिजिटलच्या काळात फिल्मवर. या हट्टाचं फळ जुन्या व्हॉल्टच्या दृश्यांत दिसतं. गंजलेले डबे, वाढलेलं गवत, पडझड. २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मचा साठा जळाला होता, हे माहीत असलं की ही दृश्यं आणखी बोचतात. संकलनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच; जुन्या चित्रपटांचे तुकडे बोलण्याच्या मध्ये इतके अचूक येतात, की वक्ता कंटाळवाणा झाला तरी पडदा होत नाही.

दोन ठिकाणी मात्र चित्रपटाने जरा थांबायला हवं होतं. परदेशातून थोड्या दिवसांसाठी आलेल्या प्रिंटांच्या नकला करून घेण्याचा विषय निघतो आणि हसण्यावारी जातो. उसनं आणलेलं परत करण्याआधी त्याची प्रत ठेवून घेणं हे ग्रंथपालाच्या नीतीत कुठे बसतं? माझं मत नायरांच्या बाजूने पडेल, पण वाद ऐकायला आवडला असता. दुसरं, त्यांची मुलगी सांगते की वडिलांच्या आयुष्यात चित्रपट आधी आणि घर नंतर होतं. हे बोलणं कडवट नाही. पण ते येतं आणि चटकन पुन्हा डबे सुरू होतात. अवेळी उघडणाऱ्या त्या दाराची किंमत कुणीतरी भरत होतं, एवढं तरी त्यातून कळतं.

हा चित्रपट कुणाला सुचवायचा झाला तर मी एक अट घालेन: आधी ‘कालियामर्दन’ पाहा. तो तासाभराचाही नाही आणि इंटरनेटवर मिळतो. कृष्णाचं काम फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केलं आहे आणि कथा सुरू होण्याआधी ती नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवते. तिथे घाई करू नका. पहिलंच रीळ आहे.