स्मारक नाणे आणि शिलालेखांची भाषा : एक चिकित्सा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला १००० वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त २०१० या वर्षाचे ५ रुपयांचे स्मारक नाणे चलनात आले. प्राचीन नगरीचा नेमका स्थापनादिन सांगणे अवघड असते. तंजावर मंदिराआधीपासूनच चोळांची राजधानी होती. इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या मंदिराचे वर्ष मात्र निश्चित आहे. त्यामुळे मंदिराची निवड सार्थ ठरते. उणीव आहे ती मजकुरात. भारतीय नाण्यांच्या प्रघाताप्रमाणे येथील लेख हिंदी व इंग्रजीत आहे. मंदिराच्या भिंतींवर मात्र राजराज चोळाचे तमिळ शिलालेख आहेत, तसेच दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहासही आहे. या दोहोंपैकी एकही भाषा नाण्यावर नाही. नाण्यावरील जागा अपुरी असते, हे मान्य करूनही एका तमिळ शब्दापुरती जागा काढता आली असती. शिलालेख वाचण्यास मंदिरात जावे लागते. नाणे हातोहात फिरते. म्हणूनच त्यावरून वगळलेले लोकस्मृतीतूनही सहज गळते. वास्तूचे वय सांगून तिची वाणी वगळणारे स्मारक अपुरेच होय.