वेताळाच्या वहाणा

दिवाळी अंकात चित्रकथेवर लिहायचे म्हणजे काही वाचक नाक मुरडणार, हे गृहीत धरूनच लिहितो. 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला वेताळ मला पन्नाशी उलटल्यावरही प्रिय आहे, आणि बालपणीचा जिव्हाळा एवढेच त्याचे कारण नाही.

ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रांतून 'फँटम' ही चित्रमालिका सुरू केली आणि १९९९ साली मृत्यू येईपर्यंत तो ती लिहीत राहिला. कल्पना साधी आहे. १५३६ साली चाचे एक जहाज लुटतात. त्यातून वाचलेला तरुण बापाच्या खुन्याच्या कवटीवर शपथ घेतो, आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीतला मुलगा बापाचा मुखवटा चढवतो. जंगलाला वाटते, हा एकच पुरुष, चारशे वर्षांचा, अमर. आपण वाचतो तो एकविसावा.

त्याला उडता येत नाही. गोळी लागली तर रक्त येते. त्याचे सामर्थ्य आहे ते लोकांच्या बोलण्यात. कथेत मधूनच 'जंगलातील जुनी म्हण' येते आणि निम्मे काम तीच करते. कवटीच्या गुहेत जाडजूड बखरी रचलेल्या असतात. प्रत्येक पिढीचा वेताळ आपल्या मोहिमा त्यांत स्वहस्ते लिहून ठेवतो. मारामारी संपल्यावर टेबलाशी बसून लिहिणारा नायक दुसरा कुठे आहे? माझ्या मते मालिकेतल्या सर्वोत्तम कथा त्याच, ज्यांत एखादी जुनी बखर उघडली जाते.

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने 'इंद्रजाल' काढले आणि मराठीत फँटमचा 'वेताळ' झाला. मूळ शब्दाचा अर्थ नुसता छायारूप भूत. 'भूत' किंवा 'पिशाच्च' म्हटले असते तर उरली असती ती निव्वळ भीती. वेताळ मात्र आपल्याकडे राखणदार आहे. गोव्यात आमोणे, पैंगीण येथे त्याची देवळे आहेत. तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहतात, अशी गोव्या-कोकणातली श्रद्धा. फॉकच्या नायकाचे इंग्रजीतले बिरुद 'चालणारे भूत' असे आहे! मूळ नावापेक्षा अनुवादातले नाव पात्राला अधिक शोभावे, असे भाग्य फार थोड्या भाषांतरांना लाभते.

खोट आहे, आणि ती लहान नाही. गोरा पुरुष जंगलात सिंहासनावर बसतो आणि बांदर जमातीचे ठेंगू लोक त्याची निष्ठेने सेवा करतात, हे साम्राज्यशाहीचेच स्वप्न होय. मूळ कथेत देशाचे नाव 'बेंगाली', चाचे 'सिंग' आणि खुनी 'रामा'. आपल्या संपादकांनी त्यांचे डेंकाली, सिंगा आणि रामालू केले. नावे पुसली, सिंहासन राहिले. फॉकने पुढे त्या देशाला लोकशाही दिली आणि डॉ. लुआगा हा कृष्णवर्णीय अध्यक्ष दिला, हे खरे. पण अडचणीच्या वेळी जंगल ऐकते ते मुखवट्याचे, मतपेटीचे नव्हे. मुलांच्या हाती हे अंक देताना एवढे सांगितलेच पाहिजे. बांदरांचा मुखिया गुरन एखादी बखर लिहिता, तर ती वाचायला मला फार आवडले असते.

१९९० मध्ये 'इंद्रजाल' बंद पडले. आमच्यासारख्या सीमाभागातल्यांना त्याचा एक जादा लाभ झाला. हे अंक कन्नडमध्येही निघत. चित्रे तीच, फुग्यांतली अक्षरे वेगळी. मराठीत वाचलेली गोष्ट शेजारच्या कन्नड घरात पुन्हा हाती आली की अडलेला शब्द चित्र सांगून टाकी. शाळेतल्या कन्नडच्या तासाला जे वर्षभर जमले नाही, ते एका सुट्टीत वेताळाने करून दाखवले. आणि शेजारचा मित्र त्याच वाटेने मराठी वाचू लागला.