किस्सा, आकडा आणि मच्छीमाराचा शब्द

आज मी एका छोट्या लेखाबद्दल बोलणार आहे. छोटा म्हणजे किती, तर एका पानाचा. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने तो १९९५ साली ‘ट्रेंड्स इन इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात लिहिला. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. माशांशी माझा संबंध ताटापुरता. तुम्ही म्हणाल, मग या फंदात का पडलात? तर, हा लेख वरवर माशांचा असला तरी आतून ज्ञानमीमांसेचा आहे, म्हणून.

पॉली म्हणतात ते असं. प्रत्येक पिढीतला मत्स्यशास्त्रज्ञ आपण नोकरीला लागलो तेव्हा समुद्रात जेवढे मासे होते, तेच प्रमाण धरतो. त्याच्या कारकिर्दीत मासे घटतात. पुढची पिढी येते ती त्या घटलेल्या पातळीलाच ‘मूळ’ समजते. मोजपट्टी अशी खाली खाली सरकत जाते आणि एकूण किती गमावलं हे कुणाला दिसतच नाही. याला त्यांनी सरकत्या आधाररेषेचा विकार म्हटलं.

यावर त्यांचं उत्तर असं की जुन्या नोंदी आणि जुन्या लोकांचे किस्से शास्त्रात आणा. ते एका सहकाऱ्याच्या आजोबांचं उदाहरण देतात. हे आजोबा १९२०च्या दशकात डेन्मार्कजवळच्या कॅटेगाट समुद्रात बांगड्याच्या जातीच्या माशांसाठी जाळी टाकत आणि त्यात मोठाले ब्लूफिन ट्यूना अडकले की वैतागत, कारण तेव्हा ट्यूनाला गिऱ्हाईकच नव्हतं. पॉलींच्या मते ही नोंद तापमानाच्या नोंदीइतकीच पक्की आहे.

इथपर्यंत मी पूर्ण सहमत आहे. पुढच्या काळात या मताला पुरावेही मिळाले. कॅलिफोर्नियाच्या आखातात मेक्सिकोच्या १०८ मच्छीमारांना विचारलं गेलं, तीन पिढ्यांच्या. तरुणांच्या तुलनेत वृद्धांनी ‘पूर्वी भरपूर होत्या, आता संपल्या’ अशा पाचपट जाती सांगितल्या आणि चौपट जागा. हा अभ्यास २००५ सालचा. आता तुम्ही म्हणाल, म्हातारे ‘आमच्या वेळी’ म्हणायला लागले की मासा वितीचा हातभर होतो. मी सत्तरी ओलांडली आहे, हा आरोप मला नवा नाही! पण लोरेन मॅकक्लेनाकन या संशोधिकेने फ्लोरिडातल्या की वेस्टचे जुने फोटो काढले. हौशी लोक बोटीने जाऊन मासे धरायचे आणि धक्क्यावर ते टांगून फोटो काढून घ्यायचे. १९५६च्या सुमारास त्या माशांचं सरासरी वजन जवळपास २० किलो होतं. २००७मध्ये ते अडीच किलोच्याही खाली आलं. आणि चेहऱ्यांवरचं हसू? तेवढंच.

आता माझा आक्षेप. पॉली दोष ठेवतात तो विस्मरणाला, म्हणजे पिढी बदलते आणि आठवण पुसते. पण न्यूफाउंडलंडमध्ये काय झालं बघा. तिथल्या कॉड माशाची पकड १९६८मध्ये आठ लाख टनांच्या घरात गेली होती. परदेशी ट्रॉलरांनी समुद्र खरवडून काढला होता. १९७७मध्ये कॅनडाने दोनशे सागरी मैलांची हद्द जाहीर केली आणि मग स्वतःच्या ट्रॉलरांनी तेच चालू ठेवलं. शास्त्रज्ञांचे अंदाज सांगत होते की साठा वाढतोय. किनाऱ्यालगत छोट्या होड्यांनी मासेमारी करणारे सांगत होते, मासा कमी झालाय, लहान झालाय. त्यांच्या संघटनेने १९८६मध्ये विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञांकडून सरकारी अंदाजांचं स्वतंत्र परीक्षणही करून घेतलं. उपयोग झाला नाही. २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला.

इथे कोण विसरलं होतं? कुणीच नाही. तीच पिढी, तोच समुद्र. बोलणारे बोलत होते, ऐकणारे ऐकत नव्हते. म्हणजे विकार आठवणीचा आहे तसाच कानांचाही आहे, आणि हा दुसरा विकार पॉलींच्या निदानात बसत नाही.

आणखी खोलात जाऊ. शास्त्रज्ञांचा भरवसा कशावर होता? बऱ्याच अंशी ट्रॉलरांच्या नोंदींवर, म्हणजे एवढा वेळ जाळं ओढलं, एवढा मासा मिळाला. पण कॉड थव्याने राहतो. संख्या घटली तरी उरलेले एकत्रच येतात आणि यंत्रं लावून शोधणाऱ्या ट्रॉलरला तो थवा सापडतोच. त्यामुळे साठा रिकामा होत असताना जाळं मात्र भरलेलं दिसतं. आणि या नोंदी तरी काय होत्या? कुणीतरी लिहून दिलेला शब्दच ना! आकड्याच्या वेशात आला म्हणून तो पुरावा ठरला. होडीवाल्याच्या तोंडून आला तो किस्सा ठरला.

म्हणून ‘किस्सा’ या शब्दालाच माझी हरकत आहे. पॉलींनी किस्स्याची बाजू घेतली खरी, पण नाव तेच ठेवलं, आणि त्या नावातच दुय्यमपणा आहे. कुठला किस्सा मानावा आणि कुठला सोडावा, याची कसोटीही त्यांनी दिली नाही. आपल्या न्यायदर्शनात ती आहे. शब्द हे तिथे स्वतंत्र प्रमाण आहे, आणि प्रमाण ठरतो तो आप्ताचा शब्द. आप्त कोण? ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायन पुढे म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखंच लागू आहे. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पदवी विचारलेली नाही, जात विचारलेली नाही. पाहिलंस का आणि खरं सांगतोस का, एवढंच.

मच्छीमाराचा स्वार्थ नसतो असं मी म्हणत नाही. असतो. पण मग कसोटी दोघांनाही लावा, होडीवाल्याला आणि ट्रॉलरवाल्यालाही.

एक शेवटचं. पापलेटला महाराष्ट्राने २०२३मध्ये राज्यमासा केलं. चांगलं झालं. परवा बाजारात माझ्या नातीने तळहाताएवढं पापलेट बघून ‘केवढं मोठं!’ म्हटलं. मी काही बोललो नाही. पण टोपलीमागे बसलेल्या आजी हसल्या आणि त्यांनी कोपरापर्यंत हात दाखवला. मी नातीला म्हटलं, आजींना विचार, कधी मिळायचं आणि कुठे, आणि ते लिहून घे. मित्रहो, त्या आजींचं वय माझ्याएवढंच आहे. हे प्रमाण फार दिवस बाजारात बसणार नाही.