देवयानीचं गाऱ्हाणं, शर्मिष्ठेचं मौन

पिंगुळीत महाभारतातली गोष्ट सांगायची म्हणजे धाडसच. इथल्या चित्रकथी कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या पोथीतलं एकेक चित्र समोर धरून ती सांगितलेली आहे. मी बोलणार आहे ते वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'वर. कादंबरी १९५९ ची, दुसऱ्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खांडेकर तसे आपले शेजारीच. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं ते शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते.

'ययाति' म्हटलं की आपण भोग आणि संयम यांवर बोलतो. एका बाजूला ययाती, दुसऱ्या बाजूला कच. आज मला त्यातल्या दोन मैत्रिणींबद्दल बोलायचंय.

प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. वस्त्रांची अदलाबदल होते, भांडण पेटतं, राजकन्या शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते. ययाती तिला हात देऊन वर काढतो. मग देवयानी अडून बसते: शर्मिष्ठा माझी दासी झाली पाहिजे. शुक्राचार्य रुसले तर संजीवनी विद्या गेली, आणि राक्षसांचं राज्यही गेलं. शर्मिष्ठा आपण होऊन दासी होते.

इथे दोघींची श्रद्धा बघा. देवयानीची श्रद्धा वडिलांच्या तपावर आहे. त्या तपाला राजाही वाकतो, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं आहे. त्यामुळे तिच्या लेखी श्रद्धा म्हणजे हक्क, आणि न्याय म्हणजे भरपाई. शर्मिष्ठेची श्रद्धा कशावर? आपल्या माणसांवर. तिच्या लेखी न्याय म्हणजे आपल्या चुकीची किंमत दुसऱ्यानं मोजू नये.

वाचक शर्मिष्ठेच्या बाजूला जातो. खांडेकर त्याला तिकडे नेतात. पण माझी तक्रार इथेच आहे. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा या तिघांनाही खांडेकरांनी स्वतःच्या तोंडानं बोलू दिलंय. मात्र देवयानीचं बोलणं असं रचलंय, की तिनं तोंड उघडलं की तिचा अहंकारच ऐकू यावा. अहो, तिला विहिरीत ढकललं होतं! ती जीवावर बेतलेली गोष्ट होती. तिला न्याय मागायचा हक्क नव्हता? तिची मागणी अवाजवी होती, हे खरं. पण मागणी अवाजवी म्हणून गाऱ्हाणं खोटं ठरत नाही.

गाऱ्हाणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. तिकडे घाटावर गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार. आपल्याकडे ते देवापुढे घालतात. एक जण सगळ्यांच्या वतीनं बोलतो आणि बाकीचे म्हणतात, 'व्हय म्हाराजा'. म्हणजे श्रद्धा आणि न्याय आपल्याकडे एकाच शब्दात नांदतात, आणि ते एकट्यासाठी नसतं. या कसोटीवर देवयानी उणी पडते. तिचं गाऱ्हाणं फक्त तिचंच आहे, त्याला 'व्हय' म्हणणारं कोणी नाही. आणि शर्मिष्ठा? ती सगळ्यांसाठी सोसते, पण गाऱ्हाणं घालतच नाही. सोसणाऱ्या बाईला थोर म्हणणं आपल्याला फार सोपं जातं. मागणारी बाई मात्र खुपते. खांडेकरांच्या करुणेबद्दल मला शंका नाही, पण ही आपली जुनी खोड त्यांनाही सुटलेली नाही.

आणखी एक. मूळ महाभारतात देवयानी एकट्या शर्मिष्ठेला मागत नाही. शर्मिष्ठेबरोबर हजार मुली दासी म्हणून मागते, आणि त्या दिल्या जातात. त्यांनी कोणाला ढकललं होतं? राजकन्या दासी झाली याचं आपल्याला दुःख होतं, कारण ती राजकन्या आहे. त्या हजार जणींचं नावही कोणी विचारत नाही. एक मैत्रीण म्हणाली, मला न्याय हवा. दुसरी म्हणाली, मी त्याग करते. दोघींच्या मधे हजार आयुष्यं गेली.

'ययाति' पुन्हा वाचा, जरूर वाचा. वाचताना शर्मिष्ठेसाठी डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. पण देवयानीचंही एकदा नीट ऐकून घ्या. आणि मग स्वतःला विचारा, त्या हजार जणींचं गाऱ्हाणं कोण घालणार?