टकरीचा कर्ता कोण? : महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील फाउलचा निर्णय आणि पंचाचे स्थान

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या पंचांवर जी टीका नित्य होते, तिचा रोख बहुधा पंचाच्या दृष्टीवर किंवा त्याच्या हेतूवर असतो. पंचाला दिसले नाही, अथवा दिसूनही त्याने पक्षपात केला, या दोन आरोपांपलीकडे ती सहसा जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या टीकेत प्रश्नाचे मूळच हरवते. फाउलचा निर्णय हे केवळ निरीक्षण नसून एका घटनेस दिलेले नाव आहे. म्हणून नियमाची भाषा, पाहणाऱ्याचे स्थान आणि निर्णयाचे स्वरूप या तिन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ निर्माण केला. त्यांच्या मूळ तेरा नियमांत खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे आणि मारणे यांस मनाई होती. ही सारी सकर्मक क्रियापदे आहेत. कोणी कोणास ढकलले याविषयी त्यांत संदेह उरत नाही. त्याच नियमांत अधिकारी दोन होते : एक खेळाडूंचा न्यायाधीश, दुसरा चेंडूचा. माणसांकडे पाहणे आणि चेंडूकडे पाहणे ही दोन भिन्न कामे आहेत, ही जाण या खेळाच्या उगमापासूनच होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे खेळाचा वेग वाढला आणि 'ढकलणे' या क्रियापदाची जागा प्रत्यक्षात 'टक्कर होणे' या क्रियापदाने घेतली. टक्कर ही परस्परक्रिया होय. 'रामाची गोविंदाशी टक्कर झाली' या वाक्यात व्याकरण कोणासही दोषी ठरवीत नाही. नियमाला मात्र दोषी हवाच असतो. बास्केटकडे झेपावणारा आक्रमक आणि वाटेत उभा असलेला रक्षक एकमेकांवर आदळले, तर तो रक्षकाचा 'ब्लॉकिंग' फाउल की आक्रमकाचा 'चार्जिंग' फाउल, हे ठरवावेच लागते. पहिल्या अर्थी चेंडू जाळ्यात पडला असल्यास गोल धरला जातो व वर एक फ्री थ्रो मिळतो. दुसऱ्या अर्थी गोल रद्द होऊन चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. शिवाय पाच फाउल होताच खेळाडू बाद होतो. एकाच दृश्याचे असे दोन विरुद्ध अर्थ लावता येतात आणि त्यांतील एकाची किंमत विद्यार्थी-खेळाडूस मोजावी लागते.

पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे. बास्केटबॉलच्या नियमकर्त्यांनी कर्तृत्व ठरविण्यासाठी काळाचा आधार घेतला : ती जागा आधी कोणी घेतली? परंतु 'आधी' म्हणजे कशाच्या आधी, यावर त्यांचे एकमत टिकले नाही. रक्षकाने आक्रमकाचे पाय जमीन सोडण्यापूर्वी जागा घ्यावी, असा नियम दीर्घकाळ होता. २०१३-१४ च्या हंगामात पुरुषांच्या खेळात आक्रमकाच्या ऊर्ध्वगतीचा आरंभ हा क्षण प्रमाण मानला गेला. पुढच्याच हंगामात जुना नियम परत आला. २०२३-२४ पासून उडी घेण्यासाठी आक्रमक पाऊल रोवतो तो क्षण निर्णायक ठरला. दहा वर्षांत टक्कर तीच राहिली. तिचा कर्ता मात्र वारंवार बदलला. 'पंच चुकला' असे म्हणण्यापूर्वी तो कोणत्या वर्षीच्या व्याकरणाने वाक्य वाचीत होता, हे टीकाकाराने विचारावयास हवे.

याहून मोठा घोटाळा समालोचकांच्या परिभाषेने केला आहे. 'रक्षक स्थिर होता काय?' हा प्रश्न प्रत्येक सामन्यात ऐकू येतो. वस्तुतः नियमात स्थिरतेची अट नाही. रक्षकाने एकदा दोन्ही पाय जमिनीवर ठेवून व प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून वैध स्थान मिळविले, की ते राखण्यासाठी त्यास बाजूला किंवा मागे सरकता येते. आपल्या उभ्या रेषेत उडीही मारता येते. येथे लोकरूढ शब्दाने शास्त्रीय शब्दास पदच्युत केले आहे, आणि प्रेक्षक त्या रूढ शब्दाच्याच आधारे पंचाचा निकाल लावतात.

आता स्थानाचा विचार करू. महाविद्यालयीन सामन्यात तीन पंच असतात : बास्केटच्या बाजूच्या अंतिम रेषेपलीकडे 'लीड', खेळामागून येणारा 'ट्रेल' आणि समोरच्या बाजूस साधारणतः फ्री थ्रोच्या रेषेच्या पातळीवर 'सेंटर'. चेंडू दुसऱ्या अंगास गेला की लीड त्या बाजूस सरकतो व इतर दोघांच्या भूमिका त्यानुसार बदलतात. या साऱ्या हालचालींचे प्रयोजन एकच : दोन खेळाडूंमधील फट दिसली पाहिजे. पंच, आक्रमक आणि रक्षक एका सरळ रेषेत आले, की पंचास एक पाठ तेवढी दिसते. तिच्यामागे स्पर्श झाला की नाही याचे तो अनुमान करतो. नैयायिकांच्या भाषेत बोलावयाचे तर इंद्रियाचा अर्थाशी संनिकर्षच घडलेला नसतो आणि अनुमानास प्रत्यक्षाचे नाव दिले जाते. दोन पावले बाजूला सरकल्याने जे साधते, ते तीव्र दृष्टीने साधत नाही. म्हणूनच पंचांना चेंडूऐवजी रक्षकाकडे पाहण्यास शिकवितात. नेस्मिथ यांच्या जुन्या विभागणीचेच हे नवे रूप होय.

या दृष्टीने २०२३ च्या नियमाचे परीक्षण केल्यास त्यातील उणीव दिसते. क्षण अलीकडे आणल्यामुळे शेवटच्या घटकेस घुसणाऱ्या रक्षकास आळा बसतो, हे खरे. परंतु आक्रमकाचे रोवलेले पाऊल आणि रक्षकाचे स्थान ही दोन्ही एकाच क्षणी जाणावी लागतात. मदतीस धावून येणाऱ्या रक्षकावर बहुधा लीडची नजर असते; आक्रमकाचा पाठलाग मात्र दुसराच पंच करीत आलेला असतो. नियमाचे वाक्य एक, पण त्याचा पूर्वार्ध एकाने पाहिलेला आणि उत्तरार्ध दुसऱ्याने, असा प्रसंग संभवतो.

६ एप्रिल २०१९ रोजी मिनिआपोलिस येथे झालेला व्हर्जिनिया विरुद्ध ऑबर्न हा उपांत्य सामना या संदर्भात उद्बोधक आहे. ऑबर्न ६२-६० ने पुढे असता अवघे ०.६ सेकंद उरताना फाउल पुकारला गेला. काइल गाय याने तिन्ही फ्री थ्रो साधून सामना ६३-६२ असा जिंकून दिला. हवेत असलेल्या खेळाडूच्या उतरण्याच्या जागेत रक्षक सरकला होता. नियमाप्रमाणे तो निर्णय योग्यच होता. त्याआधी काही क्षण व्हर्जिनियाच्या खेळाडूने केलेले दुहेरी ड्रिबल मात्र निसटले. लोकांनी दोहोंची एकच तक्रार केली. वस्तुतः एका ठिकाणी नाव बरोबर दिले गेले होते, तर दुसऱ्या ठिकाणी घटना अनामच राहिली होती. टीकेने हा भेद पाळला नाही, तर योग्य निर्णय देणारा पंचही अकारण दोषी ठरतो.

जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत पंचाच्या निवाड्यास उक्तिक्रियांच्या एका स्वतंत्र वर्गात स्थान आहे. एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ मध्ये निर्णयाची अंतिमता म्हणजे अचूकता नव्हे, हे गुणलेखकाच्या दृष्टांताने विशद केले. शिट्टी वाजताच फाउल अस्तित्वात येतो, तरीही तो चुकीचा असू शकतो. कारण त्याचे मोजमाप नियम करतो, पंचाची मर्जी नव्हे.

२०२५-२६ च्या हंगामापासून पुरुषांच्या खेळात प्रशिक्षकास निर्णयास आव्हान देण्याची मुभा मिळाली. ती कशापुरती आहे, हे पाहण्यासारखे आहे : चेंडू कोणाकडून बाहेर गेला, बास्केटजवळ चेंडूस अवैध अडथळा झाला काय, आणि मदतीस आलेला रक्षक बास्केटखालील चार फुटांच्या वर्तुळखंडात होता काय. अखेरचा प्रश्न निव्वळ जागेचा आहे. टकरीचा कर्ता कोण, हा प्रश्न या आव्हानाबाहेर ठेवला आहे. जे रेषेवरून मोजता येते ते यंत्राकडे गेले. ज्याचा अर्थ लावावा लागतो ते मनुष्याकडेच राहिले. ही विभागणी आम्हांस योग्य वाटते. मात्र अर्थ लावण्याचे काम ज्याच्यावर सोपविले, त्यास क्षणाची निश्चित व्याख्या आणि ती फट दिसेल असे स्थान, ही दोन्ही देणे नियमकर्त्यांवर बंधनकारक ठरते. ती न देता केवळ पंचाच्या डोळ्यांस दोष देणे म्हणजे संदिग्ध वाक्य लिहून वाचकास अडाणी म्हणण्यासारखे आहे.